लिफ्ट, लोकल आणि लौकिक

"कसं गं जमवतेस तू हे सगळं?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. तो येणार अशी चिन्हं दिसली, की मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते, केसांची बट कानामागे सारते आणि बेताचीच दमल्यासारखी दिसते. बेत महत्त्वाचा. फार दमलेल्या बाईला लोक 'हिमोग्लोबिन तपासून घे' म्हणतात. अगदीच टवटवीत दिसलं, तर 'तुझं बरंय बाई, सासूबाई असतील मदतीला' म्हणतात. या दोहोंच्या मधे तेजस्वी थकव्याची एक छटा असते. ती मला आता आरशाशिवाय साधते.

उत्तरंही ठरलेली आहेत. नातेवाइकांना, "कसलं जमवतेय, चाललंय आपलं." ऑफिसातल्या नव्या मुलींना, "प्लॅनिंग गं, दुसरं काही नाही." नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांना मात्र नुसतं हसू. त्यांच्यातल्या दोघीजणी माझ्यापेक्षा जास्त जमवतात, तिथे तोंड उघडणं धोक्याचं. खरं तर विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. एका लग्नात एका आत्याबाईंनी हा प्रश्न विचारला आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी खरंच सांगायला लागले. कणीक रात्रीच भिजवते, भाजी रविवारी निवडते, चिरंजीवांना शाळेचे कपडे घालूनच झोपवते, म्हणजे सकाळी तेवढी एक लढाई वाचते. आत्याबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बिचाऱ्या देवीच्या दर्शनाला आल्या होत्या आणि मी त्यांना देवळामागची मोरी दाखवत होते. त्या जिलबी आणायला म्हणून उठल्या, त्या परत आल्या नाहीत.

तर चिरंजीव. वय साडेतीन, इयत्ता छोटा शिशू. सकाळचं वर्णन करत बसत नाही; ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे, त्यांना ते करून दाखवायची गरज नाही. दात, दूध, शी, डबा, बूट, सगळं तुमच्यासारखंच. पण लिफ्टबद्दल बोलल्याशिवाय माझ्याच्यानं पुढे जाववणार नाही.

आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बोलवायचं बटण चिरंजीव दाबतात. आत शिरल्यावर शून्याचं बटणही चिरंजीवच दाबतात. ही आमच्या घराची राज्यघटना आहे आणि तिच्यात दुरुस्तीची सोय नाही. शून्यापर्यंत त्याचा हात पोचतो. त्याच्याही खाली लाल घंटा आहे, तिथे तर दोन्ही हात पोचतात. ती इतक्या वेळा वाजून गेली आहे, की आता आमचा वॉचमन ती ऐकून खुर्चीतून हलतसुद्धा नाही. उद्या खरोखर कुणी अडकलं, तर त्यानं रडून दाखवावं लागेल. अडचण संध्याकाळी येते. सहाचं बटण वर आहे. मग एका काखेत लॅपटॉप, एका हातात मेथीची जुडी आणि दुधाच्या पिशव्या, पर्सचा बंद दातात, अशा अवस्थेत त्याला उचलून धरायचं. तो बोट पुढे नेतो. थांबतो. आकडे वाचतो. शाळेत आकडे शिकवायला सुरुवात झाली आहे ना. "हा चार. हा पाच..." माझ्या दातातून फक्त "ह्ं, ह्ं" एवढंच निघतं.

यात चौथ्या मजल्यावरचे काका येतात. काका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. सभ्य, मितभाषी, इस्त्रीचा शर्ट घालून दूध आणायला जाणारे. पहिल्यांदा ते आमच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा शून्याचा दिवा लागलेला होता. तरीही सवयीनं त्यांनी ते बटण पुन्हा एकदा दाबलं. माणसं असं करतातच, यंत्राला आठवण करून दिल्यासारखं. पण चिरंजीवांच्या दृष्टीनं जे घडलं ते असं: त्यानं दाबलेलं बटण रद्द झालं आणि लिफ्ट आता 'आजोबांची' झाली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ओठ थरथरत होते. पहिल्यावर आवाज फुटला. "मला दाबायचं होतंऽऽ!" तळमजल्यावर त्यानं बाहेर पाऊल टाकायला नकार दिला. हे पुसून पुन्हा पहिल्यापासून झालं पाहिजे, आपण वर गेलं पाहिजे, काकांनी चौथ्या मजल्यावर उतरलं पाहिजे, आम्ही सहाव्यावर जाऊन बाहेर पडलं पाहिजे आणि मग नव्यानं. माझी लोकल डोळ्यांसमोर हलायला लागली होती. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. आयुष्यभर गाड्यांची वेळ सांभाळलेला माणूस. म्हणाले, "चला, जाऊ वर. दूध काय, मिळेल." आणि आम्ही तिघं पुन्हा वर गेलो. चौथ्यावर ते उतरले, दार लागलं, आम्ही सहाव्यावर गेलो, बाहेर आलो, बटण दाबलं, आत गेलो, बटण दाबलं, चौथ्यावर लिफ्ट थांबली, काका आत आले. या खेपेला त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. अजूनही ते तसेच उभे राहतात. त्यांच्या पत्नीला वाटतं, पाठ दुखते म्हणून.

लिफ्ट दुरुस्तीला निघाली, की सुटले असं मला वाटायचं. पण मग तो जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरचं न दिसणारं बटण दाबतो आणि दार उघडेपर्यंत आपण ताटकळायचं.

मी या विषयावर पुष्कळ विचार केला आहे, कारण लिफ्टमध्ये दुसरं काही करता येत नाही. त्या पोराच्या हातात दिवसभरात काय असतं? उठायचं कधी ते आम्ही ठरवतो. काय घालायचं, काय खायचं, कुठे जायचं, कधी परत यायचं, कुणाकडे झोपायचं, सगळं आम्ही. 'आज शाळेत जायचं का?' असं आम्ही लाडानं विचारतो आणि तो 'नाही' म्हणाला, तरी नेतो. त्याच्या सबंध दिवसात एकच वस्तू अशी आहे, जी त्यानं बोट लावल्याबरोबर उजळते आणि त्याचं ऐकून सहा मजले खाली उतरते. त्यातही कुणी मधे हात घातला, तर राग येणारच. मला तर असं एकही बटण नाही. ऑफिसात मी जे दाबते त्याला आधी तिघांची मंजुरी लागते.

सोसायटीच्या कमिटीनं मात्र इतका खोल विचार केला नसावा. एके दिवशी लिफ्टमध्येच सूचना लागली: 'पालकांनी लहान मुलांना लिफ्टच्या बटणांशी खेळू देऊ नये. जिन्यातील भिंतींवर रेघोट्या आढळल्यास रंगकामाचा खर्च वसूल करण्यात येईल.' बिल्डिंगमध्ये शाळकरी मुलं भरपूर असली, तरी ज्याच्या हाताला जेमतेम एक मीटर उंचीपर्यंतची भिंत लागते, असा एकच. मी संतापून सूचनेचा फोटो काढला आणि नाशिकला सासूबाईंना पाठवला.

सासूबाई म्हणजे जन्माच्या बालवाडीच्या बाई. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, गिजुभाई ही त्यांची दैवतं. 1945 साली बोर्डीला त्यांतल्या दोघी बायका आदिवासी मुलांसाठी उभ्या राहिल्या, मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर सगळा पसारा मांडला, हे मी सासूबाईंकडून इतक्या वेळा ऐकलंय, की मुलांना न्हाऊ-माखू घालायला त्या वेळी मीही तिथे होते असं वाटायला लागलंय. आणि या सगळ्यांच्या वर, मुख्य दैवत, मारिया माँटेसोरी. मुलाला स्वतःचं स्वतः करू द्यावं, घाई करू नये, हे त्यांचं सूत्र. व्हिडिओ कॉलवर सकाळी सासूबाई हे सूत्र मला ऐकवतात. चिरंजीव उजवा बूट डाव्या पायात कोंबत असतात, मी मदतीला वाकते आणि मोबाइलमधून आवाज येतो, "अगं, करू दे त्याला. शिकतोय तो." करू देते. बंद लावायच्या, बटणं घालायच्या लाकडी चौकटी त्या माँटेसोरीबाईंनी बनवल्या म्हणे. मी मनात म्हणते, बाई, तुम्हाला डोंबिवलीहून फास्ट पकडायची नव्हती.

तर त्या सूचनेच्या फोटोवर सासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, कमिटीला शिव्या देतील. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "अगं, ही तर रोमचीच गोष्ट!" 1907 साली रोमच्या सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत एका कंपनीनं चाळी दुरुस्त करून भाड्यानं दिल्या होत्या. आईबाप दोघंही दिवसभर कामावर. मोठी मुलं शाळेत. मागे उरलेली तीन ते सहा वर्षांची पोरं जिन्यात हुंदडायची आणि भिंती खराब करायची. मालकांनी हिशेब केला: दर वेळी भिंती रंगवण्यापेक्षा एक खोली देऊन या कार्ट्यांना कुणाच्या तरी हवाली करणं स्वस्त पडेल. त्या खोलीसाठी बोलावलेल्या डॉक्टरीणबाई म्हणजे माँटेसोरी. जगभरातल्या महागड्या शाळा ज्यांचं नाव पाटीवर लावून भरमसाट फी घेतात, त्या पद्धतीचा जन्म नोकरदार आईबापांच्या पोरांनी जिन्यात काढलेल्या रेघोट्यांतून झाला. मी ही माहिती कमिटीच्या ग्रुपवर टाकली. खाली सेक्रेटरींनी अंगठा दाखवला आणि पुढच्याच ओळीत पाण्याच्या टँकरचा हिशेब दिला.

पण मला त्या बाईत रस वाटायला लागला होता. गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर तिच्याबद्दल वाचत गेले. दादरच्या आसपास असेन, तेव्हा एका ओळीशी थांबले. तिला मुलगा होता. मारिओ, 1898 चा जन्म. लग्न झालेलं नव्हतं. मूल उघडपणे जवळ ठेवलं असतं, तर डॉक्टरकी, संशोधन, सगळ्यावर पाणी पडलं असतं. म्हणून ते बाळ गावाकडे एका कुटुंबात वाढलं. ती भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. सान लोरेंझोच्या खोलीत ती लोकांच्या मुलांना बटणं लावायला शिकवत होती, तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा आठ वर्षांचा होता आणि दुसऱ्याच्या घरी होता. तो तिच्याकडे राहायला आला तो जवळपास पंधरा वर्षांचा होऊन. त्यानंतरही कित्येक वर्षं लोकांत त्याची ओळख पुतण्या म्हणून, नाहीतर दत्तक मुलगा म्हणून. 1939 मध्ये ती भारतात आली, तीही त्याला घेऊनच. युद्धात इटली उतरल्यावर इंग्रजांनी त्याला छावणीत ठेवलं आणि 1940 च्या ऑगस्टमध्ये, तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला, भेट म्हणून सोडलं. त्या सरकारी संदेशात त्याला तिचा मुलगा म्हटलेलं होतं.

त्या दिवशी मशीदला मागची बाई ओरडली तेव्हा कुठे मला कळलं, की पुढचं स्टेशन माझं आहे. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणारच. आपल्या दैवतांबद्दलच्या काही गोष्टी त्या मला सकाळच्या घाईत ऐकवत नाहीत, एवढंच. बूट घालतानाच्या माझ्या मनातल्या टोमण्याची धार मात्र बोथट झाली. कुणी विचारलं असेल का तिला, कसं जमवता म्हणून? आणि विचारलं असेल, तर तिनं पिशवी कुठल्या खांद्यावर घेतली असेल?

गाडीचा विषय निघालाच आहे, तर सांगते. माझ्या लौकिकाला अख्ख्या जगात एकाच ठिकाणी काडीची किंमत नाही, ते म्हणजे लेडीज डबा. डोंबिवली ते सीएसएमटी 48 किलोमीटर, आणि या अंतरात एकही बाई दुसरीला 'कसं जमवतेस' म्हणून विचारत नाही. तिथे एकच प्रश्न चालतो: "कुठे उतरणार?" तुमच्या मांडीखालच्या फूटभर जागेचं पुढे काय होणार, एवढ्यातच सगळ्यांना रस. डब्यात मटार सोलले जातात, कोथिंबीर निवडली जाते, नवरात्रात भोंडला होतो, डोहाळजेवणं होतात, टिकल्या आणि क्लिपा विकायला येतात. एकदा मी आमच्या ग्रुपमध्ये लिफ्टची गोष्ट रंगवून सांगत होते. चौथ्या सीटवर निम्मी टेकलेली बदलापूरची एक बाई मेथी निवडत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आमच्याकडे लिफ्ट नाही. पाणी पहाटे चारला येतं, तेवढं भरून निघते. सासरे अंथरुणावर आहेत ना." त्यात तक्रार नव्हती की मोठेपणाही नव्हता. मी पुढच्या तेजस्वी थकव्यासाठी सारायला घेतलेली बट तशीच सोडून दिली. मग ती म्हणाली, "कुठे उतरणार?"

याच गाडीमुळे मला एक कायदा फार विनोदी वाटतो. 2017 साली प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा 26 आठवड्यांची झाली, ती मी पुरेपूर घेतली. त्यासाठी ज्यांनी कुणी धडपड केली त्यांना माझे दंडवत. त्याच दुरुस्तीत असंही आहे, की 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटता यायला हवं. चार वेळा! वाचून माझे डोळे भरून आले. पाळणाघराबद्दल विचारलं, तेव्हा ऑफिसनं मला एक खोली दाखवली. तिच्यात जुन्या फायली होत्या आणि भिंतीवर एका जिराफाचं स्टिकर. जिराफ होता म्हणजे हेतू चांगला होता. पण समजा, उद्या त्या फायली हलल्या, खोलीत गाद्या आल्या, बाई आल्या. तरी साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन साडेआठची फास्ट पकडायची कुणी? त्या गाडीत माझी पर्स आणि मी एकाच स्टेशनवर उतरू याची खात्री नसते. म्हणजे उरतं आमचं डोंबिवलीचं पाळणाघर, आणि कायद्यानं दिलेल्या चार भेटी मी प्रत्यक्षात घ्यायच्या म्हटल्या, तर दिवसभर गाडीतच राहावं लागेल. पासचे पैसे मात्र पुरेपूर वसूल होतील.

पाळणाघर म्हणजे दोन खोल्या, एक गॅलरी आणि काकू. काकूंची संध्याकाळची बातमी आकाशवाणीसारखी ठरलेली असते. "जेवला. एक पोळी, वरण. भाजी नको म्हणाला. झोपला नाही, लोळला. शी झाली." दार अर्धं उघडं, पलीकडे कुकरची शिट्टी, आणि एवढं सांगून त्या पुढच्या आईकडे वळतात. मी कितीही दमलेली दिसले, तरी काकू कधी काही विचारत नाहीत. त्यांच्यापुढे रोज संध्याकाळी दमलेल्यांची रांग असते.

या काकूंची एक गोष्ट मला उशिरा कळली. चिरंजीवांनी शर्टाचं बटण स्वतःचं स्वतः लावलं, ते पहिल्यांदा माझ्यासमोर, रविवारी, पलंगावर बसून, जीभ बाहेर काढून. मी घर डोक्यावर घेतलं. नाशिकला फोन, फोटो, सगळं. काकूंना सोमवारी सांगितलं, तर त्यांनी तोंडावर हात ठेवून केवढं आश्चर्य दाखवलं! नंतर दुसऱ्या एका मुलीची आई बोलता बोलता म्हणून गेली, की तिला न्यायला यायच्या वेळी हा रोज तिच्या लेकीचीसुद्धा बटणं लावून देत असतो. कधीपासून? बरेच दिवस. मग हिशेब लागला. त्या पाळणाघरातल्या झाडून सगळ्या मुलांनी पहिलं पाऊल म्हणे घरीच टाकलं, पहिला शब्दही घरीच, आणि तोही रविवारी. दिवसातले दहा तास मुलं काकूंकडे. पण काकूंनी पहिलेपणा एकाही मुलाचा पाहिलेला नाही. विचारा त्यांना. साफ नाही म्हणतील.

हा विचार आला, की मला एकदम राग येतो आणि तो हमखास नवऱ्यावर निघतो. माणूस वाईट नाही. मुलाला आंघोळ घालतो, रविवारी बागेत नेतो. बागेत गेला, की बिल्डिंगमधल्या आज्या त्याला ओवाळायच्याच बाकी ठेवतात. 'किती करतो हो मुलाचं!' मी नेलं तर? मला फक्त सांगतात, 'टोपी घातली नाहीस का त्याला?' एकदा मी त्याच्यापुढे सरकारी आकडे ठेवले. देशभरातले लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात, याची सरकार पाहणी करतं. घरचं बिनपगारी काम जे करतात, त्यांच्यात 2019 साली बायकांचा वेळ दिवसाला 299 मिनिटं आणि पुरुषांचा 97. नवऱ्यानं शांतपणे बोटं मोजून हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी सरासरीच्या वर आहे!" 2024 च्या पाहणीत बायका 289 वर आल्या आणि पुरुष 88 वर. दोघांचीही मिनिटं घटली. मग ते उरलेलं काम करतं कोण, या प्रश्नावर आम्ही दोघांनी एकाच वेळी सोफ्यावरच्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि विषय बदलला.

पण लौकिक सांभाळणं काही मी सोडलेलं नाही. त्याचं मुख्य साधन म्हणजे स्टेटस. सकाळी डबा भरला, की झाकण लावण्यापूर्वी फोटो. पोळीचे रोल, गाजराचे तारे, काकडीची फुलं. (चिरंजीव फुलं खात नाहीत. काकडी गोलच हवी. ती खाली दुसऱ्या थरात असते, फोटोत येत नाही.) या स्टेटसच्या पुण्याईनं अखेर एक दिवस सोसायटीच्या महिला मंडळाकडून निमंत्रण आलं. महिला दिनाचा कार्यक्रम, विषय 'नोकरी आणि संसार: तारेवरची कसरत', वक्त्या मी. मी आधी 'छे, मी काय बोलणार' म्हटलं, मग लगेच हो म्हटलं, मधे अंतर राहू दिलं नाही. साडी ठरवली. मुद्दे गाडीत काढले. बदलापूरच्या बाईपासून मोबाइल जरा तिरका धरून.

मग पत्रिका आली. वेळ, दुपारी चार. कामाचा वार. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, म्हटलं नोकरी करणाऱ्या बायकांवर बोलायचंय ना, तर नोकरी करणाऱ्या बायका चारला नोकरीवर असतात. त्या म्हणाल्या, "पण उशिरा ठेवलं, की सगळ्यांच्या स्वयंपाकाचा खोळंबा होतो गं." मार्च महिना. आमच्या हिशेब खात्यात मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे लग्नात घटस्फोटाचा विषय काढणं. आणि ज्या रजा शिल्लक आहेत, त्या चिरंजीवांच्या तापासाठी राखून ठेवलेल्या. शेवटी नवरा म्हणाला, "मी घरूनच काम करतोय त्या दिवशी. याला पाळणाघरातून आणतो आणि खाली जाऊन तुझा निरोप देतो. दोन मिनिटांचं काम."

पुढचं मला तीन वेगवेगळ्या बायकांनी, तीन वेगवेगळ्या फोनवर सांगितलं. तो गेला, मुलाला खांद्यावर घेऊन. निरोप दिला. हॉलमध्ये म्हणे एक हळवा उसासा फिरला. कुणीतरी म्हणालं, आता आलाच आहात, तर तुम्हीच दोन शब्द बोला. तो म्हणाला, छे, मी काय बोलणार. (हे वाक्य माझं आहे.) मग तो बोलला. लिफ्टची गोष्ट सांगितली. अख्खी. काकांचे पाठीमागे बांधलेले हात, जिन्यातली न दिसणारी बटणं, दातातली पर्स. फक्त पर्सच्या जागी त्यानं स्वतःचं पाकीट घातलं. सकाळी आम्ही निघतो, तेव्हा हा माणूस टूथब्रश तोंडात घेऊन दारातून टाटा करतो. लिफ्ट त्यानं कधी ऐन लढाईत पाहिलेलीच नाही. लोक पोट धरधरून हसले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना आपल्या यजमानांच्या पाठीचं रहस्य तिथे उलगडलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिरंजीवांनी माइकचं बटण दाबलं, त्यालाही टाळ्या. आणि 'आदर्श पालक' म्हणून नवऱ्याला गुलाब आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा मिळाला.

रात्री मी घरी पोचले, तेव्हा तो डबा ओट्यावर मधोमध होता. मी काही बोलले नाही. चांगलं जाड स्टील आहे, झाकण घट्ट बसतं. आता त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नाही. "तो माझा आहे, मी भरतो," म्हणाला आणि खरंच सकाळी उठून भरायला लागला. मी त्या वेळात चहा पिते, बसून.

काल त्याच्या स्टेटसवर डब्याचा फोटो होता. पोळीचे रोल, गाजराचे तारे, काकडीची फुलं. खाली माझ्या चुलतसासूबाईंपासून त्याच्या बॉसपर्यंत सगळ्यांचे बदाम. मी पाहिलं. बदाम दिला नाही. काकडी फार जाड कापतो तो.